खोपीवरची वेल

भुंगा एकटा मेला तर त्याचा वास येत न्हाय. ढीग मेला की येतो. आमच्या सोप्यात आलता. औषधाचा उग्र भपकारा आणि त्यात काय तरी आंबूस, असा वास, की भाकरी थापता थापता उठून मी परड्यात जाऊन ओकले. सासूबाई जात्यावरनं म्हणाल्या, "परत दिवस गेलं काय गं?" आमच्या घरात बाईला उलटी झाली की तिचा एकच अर्थ. शी!

त्याचं झालं असं. मोठा दुष्काळ सरलाता, पाऊसपाणी बरं झालतं आणि आमच्या मालकांनी, म्हणजे हंबीररावांनी, जुनं घर पाडून नवं बांधलं. गाव आमचं गारगोटीच्या अलीकडं. घर गावात आणि मळा लांब, वेदगंगेच्या काठाला. घरात सासू धोंडुबाई, मी बायडाबाई थोरली सून, माझी पोरं, धाकटा दीर जोतीराम आणि त्याची बायको ताना. एवढा बारदाना.

नव्या घराला आंब्याच्या लाकडाचं वासं घातलं. लाकूड वाळलं तसं भुंगं आलं. काळंभोर, अंगठ्याएवढं, पंखाला निळी झाक. वाशाला गोल भोक पाडून आत शिरायचं आणि दिवसभर गुंऽऽ चाललेलं असायचं. खाली भुसा पडायचा. मी केरसुणीनं लोटायची, संपलं. मला त्याचं काय वाटलं न्हाय. वाशाला भोक पडलं म्हणून घर पडत न्हाय.

पण एक दिवस हुपरीकडचं पावणं आलं घर बघायला. मालकांनी त्यांना वाशाखालीच बसवलं आणि बोट करून करून घर दावलं. चहा दिला. पावण्यानं बशी तोंडाला लावायला आणि वरनं भुसा पडायला एकच गाठ. भुशासंगं भुंग्याच्या घाणीचा पिवळा ठिपका. पावणा बशीत बघत म्हणाला, "हंबीरराव, घर बांधलंसा का पोखरून घेटलंसा?"

सगळी हसली. आमचं मालकबी हसलं, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या चहाच्या बशीपायी सगळं रामायण झालं बघा.

दुसऱ्या दिवशी मालक बाजारातनं पावडर आणि पाठीवरचा पंप घिऊन आलं. दुकानदारानं सांगितलंतं म्हणं, जे जे उडतंय, चालतंय, सरपटतंय, त्याला ह्याचं नुसतं नाव सांगा. मालकांनी भोकाभोकात औषध सोडलं आणि वरनं चिखलानं लिंपलं. संध्याकाळपतोर भुंगं टपाटपा खाली पडाय लागलं. उताणं पडून पाय हालवत पडायचं, बराच वेळ. सकाळी केरसुणीनं गोळा केलं तर सुपभर झालं. कोंबड्यांनी त्यातलं टिपलं. दुपारी कोंबड्या माना मुरगाळून दावणीत पडल्या.

"कापा की," मालक म्हणालं, "अजून ऊन हाईत."

मी त्या पायाला धरून उचलल्या आणि गावाबाहीर नेऊन पुरल्या. मागनं मालकांची बडबड चालूच, बाईला नासाडी कळत न्हाय म्हणून. मला कळत न्हाय! असल्या माणसासंगं एका ताटात जेवायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

त्यात झालं काय, पंप पाठीला लावला की मालकांची चालच बदलायची. छाती फुगवून, एक हात दांड्यावर, एक हात नळीवर. गावातली माणसं चावडीवरनं विचारायची, "काय हंबीरराव, कुणाचा नंबर आज?" की ह्येंच्या अंगात यायचं. विहिरीवरच्या उंबराला आग्या मव्हाळ हुतं, माझ्या लग्नाच्या आधीपासनंचं. जोतीरामला पेंढ्याचा पलिता दिला आणि जाळायला लावलं. मध विहिरीत गळला, पांढऱ्या अळ्या पाण्यावर तरंगल्या, आणि ते पाणी आम्ही फडक्यातनं गाळून प्यालो. बांधाच्या मातीत बारक्या पट्टेरी माश्यांची बिळं हुती. जमिनीत बोटभर भोक, त्यातनं एक एक माशी यायची आणि जायची, कुणाला चावायची न्हाय का काय न्हाय. त्यातबी औषध वतलं. "कशाला?" म्हटलं. "असू दे," म्हणालं. हे उत्तर!

औंदा मळ्यात सगळा तांबडा भोपळा केलता. लगीनसराईला सांबाराला भोपळा लागतो, आचारी आधीच सांगून ठेवत्यात. आम्ही जावाजावांनी आळी केली, शेणखत घातलं, पाटाचं पाणी फिरवलं. ताना कामाला वाघीण. भल्या पहाटे चुंबळ डोक्यावर ठिवून निघायची, उन्हं तापूस्तर खुरपं खाली ठेवायची न्हाय. वेली अशा पसरल्या की बांध दिसंना. मग पिवळ्या फुलांनी मळा भरला. पानांवर तांबडं किडं दिसलं आणि मालक पंप घिऊन उतरलं. रोज सकाळी, फुलं उघडायच्या वक्ताला, फुलाफुलात फुसफुस. बांधाला बांध अंबूबाईचा मळा. तिनंबी भोपळाच केलता. तिलाबी पंप उसना दिला. लई दानशूर!

आणि फळ धरंना.

भोपळ्याच्या मादी फुलाच्या बुडाला बारकं गोल फळ असतंय, लिंबाएवढं. ते फुगायचं सोडून पिवळं पडाय लागलं. मग मऊ, मग बुळबुळीत. हात लावला की देठातनं सुटून हातात यायचं आणि बोटाला शेंबडासारखा चिकट रस लागायचा. आत अळ्या. आम्ही टोपलीनं उचलून बांधावर टाकायचो. घोंघावायच्या त्या नुसत्या घाणीवरच्या माश्या. नदीला हात चोळचोळून धुतलं तरी जेवताना तो वास घासाबरोबर तोंडात यायचा.

"आक्का," ताना एकदा म्हणाली. मला ती आक्का म्हणायची. "मळ्यात आवाजच न्हाय बगा."

"कसला आवाज?"

"कसलाच न्हाय."

मी खुरपं थांबवून ऐकलं. खरंच न्हवता. एवढी फुलं आणि वर एक पाखरू भिरभिरत न्हवतं. नदीपल्याडचं इंजिन तेवढं ऐकू येतंतं.

मी मालकांना म्हटलं, "भुंगं मारलंसा, माश्या मारल्यासा, म्हणून फळ न्हाय. फुलावर कुणी बसाय नको?"

मालक पोट हालवत हसलं. "भुंगा काय भोपळीचा नवरा हाय?"

"नवऱ्यापरीस बरा हाय," मी म्हटलं. "काम करून जातोय, बडबड करत न्हाय."

त्या दिवशी ताट भिंतीवर गेलं. जाऊ दे.

मग अंबूबाई आली. ही बाई आली की समजायचं, कुणाचं तरी वाटुळं आलं. तोंडात सदा मिसरी, दातांच्या फटी काळ्याकुट्ट, बोलताना पिचकारी कुठंबी. सोप्यात मांडी घालून बसली आणि सासूबाईंच्या कानाला लागली, पण आवाज असा की वाड्यापलीकडं ऐकू जावा.

"धोंडुबाई, औषधानं कुठं फळ गळतंय? विटाळ झालाय वेलींवर. बाहेरच्या हातानं कुणी तरी शिवलंय. आणि सांगू का, तुमची धाकटी बांधावर हुबी ऱ्हायली की माझ्या मळ्यातलंबी फळ पिवळं पडतंय. मी बघितलंय ह्या डोळ्यांनी."

सासूबाईंना तेवढंच पायजे हुतं. तानाच्या लग्नाला इतकी वर्सं झाली आणि पाळणा हालला न्हवता. "वेलबी तशीच आणि हीबी तशीच," म्हणाल्या. ताना पलीकडं दळत हुती. जात्याची घरघर थांबली न्हाय, तेवढी दाणं टाकायची इसरली. नुसतं दगडावर दगड फिरत ऱ्हायला.

जोतीराम दाराच्या चौकटीला टेकून कान कोरत हुता. काडी काढली, बघितली, धोतराला पुसली. ह्या माणसाला बायको दिली तीच चूक. ह्याला एक खुटा दिला असता तर बांधून घेटलं असतं.

तानाला मळ्यात जायची बंदी झाली. तरी फळ गळतच ऱ्हायलं. शाण्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. पण न्हाय. म्हणं, "लांबनं बघती." म्हणं, "मनात आणती." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणत्यात ते हेच. आणि पावणं! ज्यांच्या बशीत भुसा पडला तेच हुपरीकडचं पावणं, त्यांच्या घरात लग्नाची पोरगी. मालकांचा निरोप गेलाबी. फळ धरलं न्हाय तर तानाला माहेरी घालवायची आणि जोतीरामचं दुसरं लगीन लावायचं. भोपळ्यावरनं बाईचा संसार ठरवणारी ही माणसं, आणि मिशीला पीळ देऊन फिरत्यात.

आता खोपीचं सांगते. आमच्या गोठ्याच्या मागं एक मातीच्या भिंतीची खोपी हाय. कावळा शिवला की आम्ही बायकांनी तितं बसायचं, तितंच निजायचं. वर गवताचं छप्पर आणि आढ्याला आधार म्हणून एक वाळका पांगारा तसाच हुबा. पुरुष माणसानं त्या बाजूला फिरकायचंसुद्धा न्हाय, विटाळ होतो. गेल्या साली कुणी तरी किडका भोपळा तितं मागं फेकलाता. त्याचं बी रुजलं, वेल आपली आपण छपरावर चढली. पाणी आम्हीच घालायचो, हात धुतलेलं, अंग धुतलेलं.

त्या महिन्यात आम्ही दोघी जावा एकाच वक्ताला बाहेर बसलो. भल्या सकाळी जाग आली ती आवाजानं. गुंऽऽ. पांगाऱ्याच्या वाळल्या बुंध्याला भोकं आणि भोकातनं भुंगं निघत हुतं. भिंतीच्या मातीत पट्टेरी माश्यांची बिळं. छपरावर भोपळ्याची फुलं आ वासून उघडलेली, आणि एक एक भुंगा आत शिरून असा लोळायचा की बाहेर येताना काळ्याचा पिवळा झालेला असायचा. तसाच पुढच्या फुलात. त्याला कुठं सोवळं ओवळं!

ताना छपराकडं बघत हुती. मग उठली, पानं बाजूला केली. खाली भोपळा. ह्यो एवढा, घागरीएवढा. त्याच्या पलीकडं दुसरा. आढ्यावर तिसरा, पांगाऱ्याला घासून कड पांढरी झालेला.

"आक्का," ती म्हणाली, "हितं पंप आला न्हाय."

"कसा यील? हितं आपला विटाळ राखणीला हाय."

आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. किती दिवसांनी हसली पोरगी. मी म्हटलं, "दावू या मालकांना." ती म्हणाली, "नको. वक्त यील."

वक्त आला. सासूबाईंनी वेल धमकवायचं ठरवलं. आमच्याकडं ही जुनी रीत. झाड, वेल फळंना झालं की घरच्या लेकुरवाळीनं विळा घिऊन बुडाला लावायचा आणि विचारायचं, "फळतीस का कापू?" दुसऱ्या बाईनं मागं हुबं ऱ्हाऊन वेलीच्या वतीनं म्हणायचं, "फळते, फळते, कापू नका." तेवढंच. पोरासोरांचा खेळ असतोय. पण अंबूबाईनं त्यात शेपूट जोडलं. जिचा दोष तिनंच बोलायचं, आणि गळ्यात पायताण घालून बोलायचं. मग दोष तुटतो म्हणं.

पायताण कुणाचं, तर मालकांचं, दोन्ही पायाचं. झिजलेलं, अंगठा तुटून परत शिवलेलं, घामानं आणि शेणानं काळं पडलेलं. सुतळीत ओवून सासूबाईंनी स्वतः तानाच्या गळ्यात घातलं. वास माझ्यापतोर आला. आळीतल्या बाया बांधावर गोळा झालत्या. कुणी पोराला पाजतंय, कुणी शेंगा फोडतंय. हागणाऱ्याला न्हाय पण बघणाऱ्याला लाज म्हणत्यात. हितं बघणाऱ्यांनाबी न्हवती. मालक बांधावर पंप टेकून हुबं, आणि जोतीराम त्यांच्या मागं.

विळा माझ्या हातात दिला. मी विळा वेलीच्या बुडाला लावला.

"बोल की गं बायडे!" सासूबाई.

"फळतीस का कापू?" मी म्हटलं.

ताना वेलीकडं बघत हुती.

"बोल गं रांडं!" अंबूबाईनं पिचकारी मारली. ती तानाच्या लुगड्याच्या काठावर उडाली.

ताना म्हणाली, "कापा. ही फळायची न्हाय. हितं फुलावर बसायला कुणी जित्तं ठेवलंय का? फळल्याली वेल बघायची असली तर माझ्यामागनं या. माझ्या बाहेरच्या हातानं पाणी घाटल्याली हाय."

आणि वळून चालाय लागली. गळ्यात ते पायताण तसंच. बाया आधी एकमेकींकडं बघत बसल्या, मग शेंगा वट्यात टाकून मागनं निघाल्या, आणि त्यांच्या मागनं मालक, जोतीरामच्या पाठीला पंप दिऊन. सगळ्या गावातनं ती वरात गेली. म्हातारी माणसं उंबऱ्यावर येऊन बघाय लागली. ताना मान वर करून पुढं, मी विळा हातात धरून तिच्या मागं.

खोपीच्या मागं आल्यावर सगळ्यांचं पाय थांबलं. छपरावर, भिंतीला, खाली गवतात, जिकडं बघावं तिकडं भोपळं. तांबूस, कडक, बोट मारलं तर टण्ण वाजणारं. आणि वर ती गुणगुण.

सासूबाई आधी भानावर आल्या. "शी! विटाळाची फळं!" म्हणून थुंकल्या.

पण मालक पुढं झालं. त्यांनी एका भोपळ्यावर हात फिरवला, उचलून वजन बघितलं. विटाळ-बिटाळ कुठल्या कुठं गेला. "भोपळ्यावर काय लिव्हलेलं असतंय व्हय?" म्हणालं. "गाडी जुपा. आचाऱ्याला काय कळतंय." लोकांच्या लग्नात हे सांबार जाणार आणि वर हेच सोवळ्याच्या पंगतीला बसणार.

तेवढ्यात एक भुंगा त्यांच्या कानाजवळनं गेला. मालकांनी पांगाऱ्याकडं बघितलं. भोकं दिसली.

"आरं तिच्या मायला, हितं शिल्लक ऱ्हायल्यात व्हय! जोती, पंप आण."

मला वाटलं, आता तरी जोतीराम बोलंल. बायको म्होरं हुबी, गळ्यात पायताण, म्होरं तिच्या हातची फळं. आता न्हाय तर कवा? जोतीरामनं तिच्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. आणि गोठ्याच्या दाराशी उतरून ठेवलेला पंप आणायला पळत गेला. पळत!

तानानं ते बघितलं. तिच्या तोंडावरचं काय तरी गेलं, आणि परत आलं न्हाय.

जोतीराम धापा टाकत पंप घिऊन आला. मालकांनी पाठीला चढवला, दांडा मारला, नळी पांगाऱ्याकडं केली. विळा माझ्या हातातच हुता. मी म्होरं झाले, नळी धरली आणि विळ्याला लावली.

"फळतीस का कापू?" म्हटलं, आणि कोण बोलायची वाट बघितली न्हाय. रबरी नळी ती, काकडीगत तुटली. औषध भसाभसा मालकांच्या धोतरावर सांडलं. आधी त्यांनी माझ्या थोबाडीत मारली, मग बोंबलत पाय धुवायला पळालं. दात हालला माझा. हालू दे. ह्या घराचं खाऊन झिजलाच हुता.

आता अंबूबाईची कमाल बघा. त्या बाईला जिभंला हाड न्हाय म्हणून सांगते. आत्ताच पिचकारी मारणारी ती, तानाच्या म्होरं जाऊन हात जोडून हुबी. "तानाबाई, तुझा हात लई गुणाचा गं! माझ्या मळ्यातनं एक फेरी मार की. एकेका फुलाला नुसता हात लाव."

सासूबाईंनी तिला ढकललं. "आधी आमच्या मळ्यात! ताने, चल बाई. लक्ष्मी हाईस तू माझी." आणि तोच हात, ज्यानं पायताण बांधलं, त्यानं तिच्या तोंडावरनं माया करून कानशिलावर बोटं मोडली. मला परत त्या भुंग्यांच्या ढिगाचा वास आला.

ताना त्यांच्याकडं बघत हुती. रागबी न्हवता, रडूबी न्हवतं. पानाखालचं सडकं फळ हातात आल्यावर माणूस जसं बघतो तशी. मग तिनं गळ्यातली सुतळी काढली. दातानं तोडली. पायताण खाली ठेवलं, बाजूला बाजू लावून, आणि त्यात पाय घातलं. आमच्या घरात बायकांनी कधी पायताण घाटलं न्हवतं. सासऱ्यापुढं, दिरापुढं अनवाणीच. ते मालकांचं, तिच्या पायाला लई मोठं.

एक भोपळा तिनं देठासकट तोडला आणि काखंला मारला.

"बियाला नेते, आक्का," म्हणाली.

"कुठं चाललीस?" जोतीराम म्हणाला. त्या दिवसातला त्याचा पहिला शब्द.

तिनं त्याच्याकडं वळूनबी बघितलं न्हाय. गारगोटीच्या वाटंला लागली. बाया बाजूला झाल्या, वाट दिली. पायताण मोठं म्हणून पायात घसरत हुतं, टाचंला फटाफटा वाजत हुतं. सगळ्यांच्या दारावरनं तो आवाज गेला. मालक पाय धुऊन आलं आणि पायातलं भिजलं म्हणून ते झिजलेलं पायताण दावणीत हुडकाय लागलं, तानाच्या गळ्यात घाटलंतं ते इसरून.

"माझं पायताण कुठं हाय?" म्हणालं.

कुणी सांगितलं न्हाय. पांगाऱ्यावर भुंगं आपलं काम करत हुतं.